सिग्नेने बसवलेला पंखा

"बाबा, तुम्ही इथे सावलीत बसायचं. तोंड हवं तेवढं चालवा, हात चालवायचे नाहीत," असं म्हणून सिग्नेने वडिलांच्या हातात कॉफीचा मग दिला आणि स्वतः मोटरहोमच्या छतावर चढली.

"तोंड तर चालणारच," ऑरिन म्हणाला. "आता तेवढंच धड राहिलंय."

खोटं नव्हतं ते. ऑरिन ट्वीटने अमेरिकेच्या उत्तरेत, मिनेसोटात चाळीस वर्षं घरांची वायरिंग केली होती. आता वय अठ्ठ्याहत्तर, आणि दोन वर्षांपासून नजरेच्या मधोमध धुरकट डाग पडलेला. खुर्चीची कड दिसायची, माणसाचा चेहरा दिसायचा नाही. तारेचा रंग तर नाहीच नाही.

सिग्ने त्याची धाकटी. पन्नाशी ओलांडलेली. सव्वीस वर्षं शाळेची बस चालवून गेल्या उन्हाळ्यात तिने नोकरी सोडली, एक जुनं मोटरहोम, म्हणजे चाकांवरचं घरच, घेतलं आणि थंडी पडताच बापाला शेजारच्या सीटवर बसवून तडक ॲरिझोनाच्या वाळवंटात आणलं. उत्तरेकडची सगळी म्हातारी मंडळी हिवाळ्यात इथेच येऊन पडायची. पण फेब्रुवारी सरत आला तशी दुपारी गाडीची भट्टी व्हायला लागली. पलंगावरच्या छतात हवेसाठी जेमतेम हातभर चौकोनी भोक होतं, त्यावरचं प्लास्टिकचं झाकणही तडकलेलं. तिथे पंखा बसवायचा, असं सिग्नेने ठरवलं. ठरवलं ते ठरवलं.

वरून खरवडण्याचा आवाज येऊ लागला. ऑरिनने कान टवकारले.

"जुना गोंद पार निघाला पाहिजे हं. घाई करशील तर पाणी गळेल."

"घाई कोण करतंय? तासभर तर खरवडतेच आहे."

"कोपऱ्यात राहिला असेल."

खरवडणं थांबलं. मग कोपऱ्यातून पुन्हा खर्र खर्र आवाज आला. ऑरिन मिशीतल्या मिशीत हसला.

समोरच्या गाडीतला व्हर्जिल आपली घडीची खुर्ची घेऊन आला. कॅनडातला गहू पिकवणारा माणूस, दुसऱ्याच्या कामावर नजर ठेवण्यात वाकबगार.

"अरे ऑरिन, पोरीला वर चढवून तू खाली मजेत बसलायस होय?"

"तिने मला कामावरून काढलंय," ऑरिन म्हणाला.

सिग्नेने भोकाच्या कडेने चिकट पट्टी दाबली, पंख्याची चौकट बसवली आणि स्क्रू आवळायला घेतले. आधी एक, मग त्याच्या समोरचा, मग उरलेले दोन कोपरे. ऑरिन नुसत्या आवाजावरून मोजत होता. चौकट एका अंगाला कलू नये म्हणून असंच आवळतात. हे तिला कोणी सांगितलं? त्याने तर नाही. ती सोळा वर्षांची असताना उन्हाळ्याच्या सुट्टीत मागेच लागली होती, "बाबा, मलाही कामावर न्या." त्याने नेलं ते डीनला, तिच्या थोरल्या भावाला. डीन दोन आठवड्यांत कंटाळला. हिला मात्र तो म्हणाला होता, हे बायकांचं काम नव्हे. तिने हट्ट सोडला होता. त्याच्या अवजारांची पेटी तेवढी रोज संध्याकाळी पुसून ठेवायची.

सिग्ने खाली उतरून गाडीत शिरली. ऑरिनही चाचपडत आत जाऊन पलंगाच्या कडेला टेकला. छतातल्या दिव्यापाशी आलेल्या तारांना पंखा जोडायचा होता.

"काय रंग आहेत?"

"छतातून आलेल्या काळी आणि पांढरी. पंख्याच्या तांबडी आणि काळी."

"मग सोपंय. काळीला काळी जोड, दुसरीला दुसरी. इथल्या घरांत काळीतून वीज येते. चाळीस वर्षं हेच केलंय मी."

सिग्ने पुस्तिका चाळत म्हणाली, "यात लिहिलंय, पंख्याची काळी ऋण. तांबडी धन."

"काळी ऋण? कुठल्या गाढवाने छापलंय?"

"बाबा, ही घरातली वीज नाही. ही बॅटरीची. मी मीटर लावून बघते."

"मीटर कशाला? मी सांगतोय ना!"

"सांगताय खरं," ती शांतपणे म्हणाली, "पण जोडणार मी आहे."

आयुष्यात वायरिंगच्या बाबतीत ऑरिनला असं कोणी बोललं नव्हतं. मोठमोठे कंत्राटदारही नाही. त्याचे कान तापले. तिने काढून ठेवलेला फ्यूज घालून मीटरची टोकं तारांना टेकवली आणि आकडा मोठ्याने वाचला.

"बारा पूर्णांक सहा. छतातली काळी धन. म्हणजे पंख्याची तांबडी छतातल्या काळीला, आणि पंख्याची काळी पांढरीला. तुमचं ऐकलं असतं तर उलटी जोडणी झाली असती. पंख्याचं सर्किट जळू शकतं, असं इथे ठळक अक्षरांत लिहिलंय."

ऑरिनने मनातल्या मनात पुन्हा पुन्हा ताडून पाहिलं, तरी हिशेब तिचाच बरोबर निघत होता. कान अजून तापलेलेच होते, पण छातीत भलतंच काहीतरी भरून येत होतं.

तिने फ्यूज पुन्हा काढला, तारा सोलल्या, जोड पकडीने दाबले आणि प्रत्येक जोड ओढून पाहिला.

"सिग्ने."

"हं?"

"तेव्हा डीनला नेलं मी. तुला न्यायला हवं होतं. चुकलं माझं."

पक्कड क्षणभर थांबली.

"डीन इतका वाईट होता?"

"दोन आठवड्यांत तीन वेळा स्वतःचाच अंगठा ठेचून घेतला त्याने."

ती खळखळून हसली. मग त्याच्या खांद्यावर हात ठेवून जरा वेळ तशीच उभी राहिली.

फ्यूज बसला, बटण दाबलं. पंखा आधी घरघरला, मग एकसारखा फिरू लागला. दारातून गार वारा ऑरिनच्या पायांवरून आत आला आणि कोंडलेली गरम हवा वर निघून गेली. छतावरच्या स्क्रूंवर फटी बुजवायचं सीलंट भरून ते दिवसभर वाळू दिलं, आणि दुसऱ्या दिवशी सिग्नेने वर दोन बादल्या पाणी ओतलं. ऑरिन खाली पलंगावर उताणा पडून तोंडावर थेंब पडतोय का याची वाट पाहत राहिला. एकही पडला नाही.

"कोरडं ठणठणीत!" तो आतून ओरडला.

व्हर्जिल डोकावला. "वा रे ऑरिन! डोळे गेले पण कसब गेलं नाही. सांगून सांगून छान करून घेतलंस की पोरीकडून."

ऑरिन उठून बसला. "करून घेतलं? अरे, मी सांगितलेलं केलं असतं तर हा पंखा जळाला असता. चूक मी केली, तिने पकडली. चाळीस वर्षांत माझ्या हाताखाली अकरा माणसं शिकून गेली, व्हर्जिल. इतका पक्का हात एकाचाही नव्हता."

सिग्ने छतावर होती. तिने सगळं ऐकलं. रिकामी बादली हातात धरून ती तशीच उन्हात उभी राहिली, खाली यायचं तिच्या लक्षातच राहिलं नाही.

"मग माझ्याही गाडीत एक बसवेल का?" व्हर्जिलने विचारलं.

"मला काय विचारतोस? मिस्त्री वर आहेत. मान वर कर आणि नीट विचार."