पुडीने उतरलेला आकडा

फर्निचरच्या दुकानावरच्या हॉलमध्ये टाळ्या थांबत नव्हत्या. प्रोस्टेटच्या रक्ततपासणीचा, पीएसएचा रिपोर्ट उंचावून निवृत्त पोस्टमास्तर ओरडले, "चौदाचा साडेसात!"

"आकडा मला घाबरतो!" पुडीवाले महाराज गरजले. "डॉक्टर सुया खुपसतात, मी नुसती पुडी देतो. वर टकलावर केस फुकट! तारुण्य परतलं की रोगाने राहायचं कुठे?"

डोकी चाचपत सगळे हसले. मागे बसलेले चष्म्याचे दुकानदार, सगळ्यांचे चष्मेवाले, तेही हसले. बायको गेल्यापासून चष्म्याच्या नंबरापलीकडे त्यांच्याशी कोणी बोलत नसे. प्रोस्टेटच्या कॅन्सरची शंका त्यांनी परगावच्या मुलीलाही सांगितली नव्हती. इथे निदान शेजारचा विचारायचा, "काय चष्मेवाले, आज कितीवर?"

त्यांचा पीएसए अकरावरून साडेसहावर आला होता. डॉक्टरीणबाईंनी सांगितलेली बायोप्सी, म्हणजे सुईने ग्रंथीचा तुकडा काढून करायची तपासणी, त्यांनी केव्हाच टाळली होती. तरी डॉक्टरीणबाईंना टोमणा मारायला ते गेलेच.

"बघा, सुईशिवाय उतरला!"

बाईंनी रिपोर्ट पाहिला, मग त्यांचं डोकं. "काका, टकलावर ही लव कधीपासून?"

"पुडीची कृपा."

"एक पुडी द्या बघू मला."

प्रयोगशाळेत पुडीचं बिंग फुटलं. प्रोस्टेट ग्रंथी आकसवणारी साधी गोळी कुटून राखेत मिसळली होती. तिने काहींना केस येतात आणि काही महिन्यांत पीएसए निम्म्यावर येतो. कॅन्सर असला तरी.

"मग माझा आकडा?"

"दुप्पट करून वाचायचा. तेरा. काका, तो चढलाय."

चष्मेवाल्यांनी हॉलमध्ये उभं राहून हे सांगितलं. "डॉक्टरांचा दलाल!" कोणीतरी ओरडलं. शेजारच्याने खुर्ची लांब सरकवली. जिना ते एकटेच उतरले.

बायोप्सीत कॅन्सर निघाला. अजून ग्रंथीबाहेर गेला नव्हता.

"उपचार होतील," बाई म्हणाल्या. "सोबत कोण येईल?"

त्यांनी मुलीला फोन लावला. "बेटा, कामात आहेस का?" मग म्हणाले, "दवाखान्यातून बोलतोय."

"बाबा, काय झालंय? नीट सांगा. मी निघते."

पीएसए निरोगी ग्रंथीतूनही रक्तात येतो. वाढला तर ती धोक्याची सूचना, निदान नव्हे; उतरला तर ती बरं झाल्याची पावतीही नव्हे. म्हणून टाळ्या वाजवण्याआधी विचारा, आकडा कशाने उतरला? घेतलेली प्रत्येक पुडी डॉक्टरांना दाखवा. आणि भीती वाटली तर आपल्या माणसाला सांगा. न सांगितलेल्या भीतीवरच असल्या महाराजांचं दुकान चालतं.