माथ्यावरचा बुटका पाइन

मी एक जुना पाइन आहे, पण उंचीचे विचाराल तर पोतोसी डोंगराच्या माथ्यावर चरणारी शेळीसुद्धा माझ्याकडे मान खाली घालून बघते. हसू नका, मित्रांनो. इथला वारा ताठ मानेच्या झाडाला टिकू देत नाही, म्हणून आम्ही जमिनीलगत पसरतो. एका निळ्या पक्ष्याने हिवाळ्याची बेगमी म्हणून माझे बी पुरले आणि तो ते विसरून गेला. त्याच्या विसरभोळेपणामुळे मी जन्मलो.

खालच्या गावातले लोक दर मे महिन्यात क्रूसाच्या सणाला वर येतात आणि माथ्यावरचा लाकडी क्रूस आमच्या फांद्यांनी मढवतात. तो मान मला आवडायचा, खोटे कशाला बोलू? पण माझे बियांचे शंकू फांद्यांच्या टोकांना धरतात. फांदी गेली की बियाही गेल्या. त्यातच एका वणव्यात माझे भाऊबंद जळाले आणि सणाचा सगळा भार माझ्यावर आला.

यंदा सणाचा मानकरी एर्कुलानो कोयता घेऊन आला, तेव्हा त्याची मुलगी हासिंता आडवी आली.

"बाबा, एवढं एकच उरलंय. ह्यालाही बोडकं करणार?"

"मग क्रूस उघडा ठेवू? गाव तोंडात शेण घालेल माझ्या!"

"फांदी तिकडे कशाला न्यायची? क्रूसच आणा की इकडे!"

म्हातारा हसला. "डोकं आईवर गेलंय, नशीब माझं!"

चौघांनी क्रूस उपटून माझ्या मधोमध रोवला. मी हरखून गेलो. गाणी झाली, मक्याच्या पिठाचे वाफवलेले टमाले वाटले गेले आणि बायकांनी रीतीप्रमाणे क्रूसाच्या पायाशी मेणबत्त्या लावल्या. तिथे माझ्या वाळलेल्या, सुईसारख्या पानांचा थर होता.

"बाबा, पेटलं! पेटलं!" हासिंता किंचाळली.

एर्कुलानोने अंगावरचे घोंगडे माझ्यावर टाकले आणि हातांनी दाबून दाबून आग विझवली. त्याचे तळवे भाजले, माझी अर्धी बाजू कोळसा झाली. तो तिथेच बसून रडला. "कापलं असतं तर निदान चार फांद्यांवर भागलं असतं रे," तो मला म्हणाला.

मला त्याचा राग येत नाही. त्याने माझे वाईट कधीच चिंतले नव्हते. पण मित्रांनो, कोयत्यापासून मला वाचवाल, तेव्हा तुमच्या मायेपासूनही थोडे वाचवा. हात जोडायचे तर लांबून जोडा. उरलेल्या बाजूला दोन शंकू धरले आहेत आणि ते अजून हिरवे आहेत.