मानाचा चहा

आपल्या हरिदासभाऊंना कोणी काहीही म्हणावं, फक्त खोटारडं म्हणू नये. हा माणूस जन्मभर रेल्वेच्या मालधक्क्यावर राबला, पण दुसऱ्याच्या बोरीतला शेंगदाणा त्याने कधी तोंडात टाकला नाही, हे हिंदी मुलखातल्या गुढियारीत त्यांच्या अख्ख्या पाऱ्याला, म्हणजे मोहल्ल्याला, ठाऊक आहे. म्हणून डॉक्टरीणबाईंनी शुगरचा दुसरा रिपोर्ट पुढे सरकवला आणि आकडा आधीपेक्षाही चढलेला दिसला, तेव्हा भाऊंचं डोकंच फिरलं.

"मॅडम, तुमची मशीन बिघडली," ते गरजले. "घरात साखरेचा एक दाना नाही. विचारा हिले!"

हिने, म्हणजे कलावतीबाईंनी, मान हलवली. पण बाईंचे डोळे भरून आले होते.

झालं होतं असं. भाऊंच्या एकुलत्या पोरीचं, मोनालीचं लग्न ठरलं. भाऊंनी हौसेने सदर बाजारातून नवे बूट आणले, ऐटीत पाऱ्यात एक चक्कर मारली आणि करंगळीला फोड घेऊन घरी आले. फोड फुटला, जखम झाली, आणि ती भरायचं काही नाव घेईना. त्यात खोकला मुक्कामाला येऊन बसलेला, मानेवर गळू ठणकतंय. समता कॉलनीतल्या क्षमा मॅडमनी रक्त तपासलं तर काय, साखरच साखर.

"काका, शरीरात रोगजंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी असतात," मॅडमनी तेव्हा समजावलं होतं. "रक्तात साखर फार वाढली की त्या सुस्तावतात. ड्यूटीवर असतात, पण काम करत नाहीत."

"म्हंजे आमच्या रातपाळीच्या चौकीदारावानी."

"अगदी तसंच. वर पायाकडे रक्तही नीट पोचत नाही. म्हणून जखम भरत नाही, खोकला हटत नाही. गोळ्या आणि ड्रेसिंग माझ्याकडे लागलं. गोड सोडायचं तुमच्याकडे."

कलावतीबाईंनी ते असं काही मनावर घेतलं की विचारू नका! साखरेचा डबा शेजारच्या शारदाबाईंकडे गेला, मागोमाग गूळ गेला, बिस्किटं गेली. ताटातला भात निम्म्यावर आला. भाऊंना एकट्याला वाईट वाटू नये म्हणून त्या स्वतःही फिका चहा प्यायला लागल्या, आणि तो पिताना त्यांचं तोंड असं व्हायचं की मोनालीला हसू आवरायचं नाही. "मम्मी, ज़हर नहीं है," ती म्हणायची, आणि स्वतःच्या कपातही साखर घालायची नाही.

आणि एवढं करून साखर वरच!

हा दुसरा रिपोर्ट पाहून मॅडम हसल्या नाहीत. "काका, बोट काळं पडायला लागलं तर मला तुम्हाला भरती करावं लागेल. कदाचित बोट काढावंही लागेल. मग लग्न तिकडे आणि तुम्ही पलंगावर."

भाऊंचं मागणं काही मोठं नव्हतं हो. विहारात भंतेजींसमोर पोरगी उभी राहील तेव्हा तिच्या बाजूला बापाने आपल्या पायावर उभं राहायचं, बस. तेवढंही मिळणार नाही म्हटल्यावर त्यांनी रिपोर्टची घडी घालून खिशात टाकली आणि पुन्हा मशीनचं नाव काढलं नाही.

घरी आल्यावर शारदाबाईंनी आगीत तेल ओतलं. "लपून तुम्हीच काही देत असाल वो कलावतीबाई, नवऱ्याची दया येऊन." हे बाईंना फार लागलं. एवढ्या दिवसांचा तो कडू चहा प्यायचा आणि वर हे ऐकून घ्यायचं? दुसऱ्या दिवशी भाऊ पत्रिकांची पिशवी काखेत मारून निघाले तशी त्याही पदर खोचून उभ्या राहिल्या.

"मीबी येते."

"काहून? पाय दुखतीन तुह्ये."

"दुखू द्या."

पत्रिका वाटणं हे भाऊंचं खास काम होतं. व्हॉट्सॲपवर पाठवली ती त्यांच्या मते पत्रिका नाही, नोटीस. माणसाने दारी जावं, बसावं, हातात द्यावी. तर त्या दिवशी पहिले गेले श्यामरावांकडे. हे त्यांचे मालधक्क्यावरचे जुने सोबती. पत्रिका दिली, जय भीम झाला, आणि आतून चहा आला. चहा कसला, पाकच तो! सोबत बशीत दोन पेढे. भाऊंनी पेढे तोंडात टाकले, चहा बशीत ओतून फुर्र करून प्याले, "वा" म्हणाले. कलावतीबाई बघतच राहिल्या. चारचौघांत काय बोलणार?

पुढच्या घरी तेच. त्याच्या पुढच्या घरी चहा आणि वर बालूशाही.

गल्लीच्या तोंडाशी आल्यावर बाईंचा बांध फुटला. "अवो मोनालीचे बाबा, हे काय करून राहिले तुम्ही?"

"काय केलं?"

"च्या! पेढे! आन तिकडं मॅडमले सांगता, मशीन बिघडली?"

भाऊंना खरंच कळेना ही कशाने तापली. "मी काय खोटं बोललो? घरी साखर खात नाही म्हनलो, नाहीच खात. हा काय घरचा च्या हाय? हा मानाचा च्या हाय!"

आता सांगा, काय करायचं या माणसाचं! महिनाभर दारोदारचा चहा ढोसत होते आणि त्यातला एक घोटही त्यांनी हिशेबात धरला नव्हता. मनात पाप नव्हतं, हीच तर पंचाईत.

"माह्यापेक्षा, पोरीपेक्षा मोठा हाय काय तुमचा मान?" बाईंचा आवाज चिरकला आणि त्या रस्त्यावरच रडायला लागल्या.

भाऊ घाबरले. कडेच्या ओट्यावर बाईंना बसवलं, आणि कधी कोणाला न सांगितलेलं सांगितलं. गोंदियाकडच्या त्यांच्या गावात त्यांचे बाबूजी ज्या वाड्यावर कामाला जायचे, तिथे बाबूजींचा कप वेगळा होता. कान तुटलेला, वळचणीला खोचलेला. त्यात वरून चहा ओतायचे. अंगणात उकिडवं बसून प्यायचा, धुवायचा, पुन्हा वळचणीला खोचायचा. लहानगा हरिदास बाजूला उभा राहून बघायचा. "तवाच ठरवलं व कलावती, आपल्याले कोनी घरात बसवून, आपल्या कपात च्या दिला, त कधी नाही म्हनाचं नाही. आजवर म्हनलो नाही."

कलावतीबाईंनी नाक पुसलं.

"एक सांगा," मग त्या म्हणाल्या. "तुमच्या बाबूजीले त्या कपाले 'नको' म्हनता येत होतं काय?"

"त्यांची काय बिशाद होती!"

"मंग? तुमाले येते. तुमाले कोनी मारत नाही, कामावरून काढत नाही. ज्याले खुर्चीवर बसवलं त्यालेच नको म्हनता येते न बाप्पा. तुम्ही तर तेवढा मान घेतलाच नाही आजून."

भाऊ तिच्याकडे बघत राहिले. ही बाई एवढं कधी शिकली, असा चेहरा.

त्या दिवसातली शेवटची पत्रिका नेमकी यशवंतरावांची होती. यशवंतराव भाऊंचे जुने साहेब, अमरावतीकडचे, आता समता कॉलनीत बंगला. नोकरीत असताना भाऊ त्यांच्यासमोर कधी बसले नव्हते. आज सोफ्यावर बसले. साहेबांच्या बायकोने, मंदाकिनीबाईंनी, सोनेरी काठाचे कप आणले. वाफेबरोबर साखरेचा वास आला.

भाऊंचा हात सवयीने पुढे गेला. मग थांबला. कपाळावर घाम आला हो माणसाच्या! मालधक्क्यावर एवढाल्या बोऱ्या उचलल्या, पण हे दोन शब्द उचलेनात.

"नको वहिनी," ते शेवटी म्हणाले. "मले शुगर हाय. बिनसाखरेचा चालन."

कलावतीबाईंनी आपलाही कप हळूच मागे सरकवला.

"अहो, मग आधी सांगायचं नाही का!" मंदाकिनीबाई उठल्याच. "आणि हे बघा, यांनाही आहे शुगर. पाहुणा आला की त्याच्या निमित्ताने गोड पितात. आता दोघांनाही फिकाच आणते."

"हरिदास," साहेब कळवळून म्हणाले, "मेलो रे मी तुझ्यापायी."

भाऊ हसले. असे खदखदून हसले की खोकल्याची उबळ आली. दोघं जुने रेल्वेवाले समोरासमोर बसून ते कडू पाणी प्याले. साहेबांचं तोंड वाकडं झालेलं पाहून भाऊंना तो चहा भलताच गोड लागला.

त्यानंतर भाऊ एकही घर चुकले नाहीत आणि एकाही घरी गोड प्याले नाहीत. शुगर हळूहळू उतरली. गळू बसलं, खोकला आपल्या गावी गेला. करंगळीवर नवी गुलाबी कातडी धरली तेव्हा क्षमा मॅडमनी ती भिंगातून पाहिली आणि "चौकीदार जागे झाले, काका!" म्हणाल्या.

लग्नाच्या दिवशी भाऊ मऊ चपला घालून मोनालीच्या बाजूला उभे राहिले. वंदना झाली, वचनं झाली, फुलं पडली. पाहुणे जेवायला गेले तरी भाऊ उभेच.

"पापा, अब तो बैठ जाओ," मोनाली म्हणाली.

"नको."

जावई खुर्ची घेऊन आला. "नको." यशवंतराव हात धरायला आले. "नको साहेब."

"घ्या!" कलावतीबाई कमरेवर हात ठेवून म्हणाल्या. "जन्मात एकदा नको म्हनाले शिकवलं, आता कोनाचं ऐकतच नाहीत." आणि बोलता बोलता त्याही त्यांच्या बाजूला जाऊन उभ्या राहिल्या.