मालकाआधी मालकीण

उयुनी गावाबाहेर मिठाचं वाळवंट जिथून सुरू होतं तिथे गाडी थांबवायची, खाली उतरून जमिनीला मद्याचे चार थेंब पाजायचे आणि नावं घ्यायची. आधी गाडी ज्यांची त्या घरांची, मग प्रवाशांची. आपल्या अंगावरून कोण चाललंय हे भूमातेला, पाचामामाला कळायला हवं. तेओदोरो हे कधी चुकवत नसे.

त्या सकाळीही चुकवलं नाही. फक्त ‘तेओदोरोचं घर’ म्हणून तो थेट मागच्या सीटवरच्या परदेशी पाहुण्यांकडे वळला. ‘मार्सेलिनोचं घर’ राहूनच गेलं.

विसरला असेल, बासिलियाला वाटलं.

गाडी दोन घरांची होती. तिचा नवरा मार्सेलिनो आणि तेओदोरो यांनी खाणीतलं काम सोडून ती मिळून घेतलेली. मार्सेलिनो वारला तेव्हा त्याच्या कबरीवर माती लोटत तेओदोरो म्हणाला होता, “सिसाची शाळा संपू दे, मग गाडीचं चाक तिच्या हाती.” सिसा ही बासिलियाची मुलगी, तिचा धर्मपिता तोच; त्या नात्याने तो बासिलियाला कोमाद्रे म्हणे, ती त्याला कोम्पाद्रे. तेव्हापासून बासिलिया पुढच्या सीटवर बसून प्रत्येक सफरीला येई, पाहुण्यांना रांधून घाली आणि मुलीच्या दिवसाची वाट पाही.

दुपारी त्या पांढऱ्याशुभ्र पसाऱ्यात तिने किन्वाचं सूप वाढलं.

“कोमाद्रे, सगळीकडे मीठच मीठ आणि तुमच्या सुपातच कमी?”

“मग वाका नि चाटा, कोम्पाद्रे.”

तो हसला, पण वाडग्यातून मान वर केली नाही.

दुसऱ्या दिवशी मीठ मागे पडलं. धुळीतून, दगडधोंड्यांतून गाडी हेलकावे खात वर चढली. खिंडीत वाटसरूंनी रचलेल्या दगडांच्या ढिगाशी तेओदोरो उतरला, बाटली उघडली. या वेळी बासिलिया कान देऊन उभी होती. मार्सेलिनोचं घर पुन्हा आलं नाही.

संध्याकाळी तांबड्या तळ्याकाठच्या मुक्कामी बटाटे सोलून झाल्यावर तिने जपमाळ ओढली आणि मनात आलेल्या संशयाबद्दल देवाची क्षमा मागितली. भल्या माणसाबद्दल असं मनात येऊ नये.

तिसऱ्या दिवशी सरहद्दीवर पाहुणे चिलीच्या बसमध्ये चढले. परतीच्या वाटेला दोघंच उरली.

“दोनदा नाव गाळलंत, कोम्पाद्रे.”

त्याने गालातला कोकाच्या पानांचा चोथा या बाजूचा त्या बाजूला केला. मग म्हणाला, “गाडी जावयाच्या नावावर केली. कागदावर एकटा मीच होतो. मार्सेलिनोच म्हणायचा, तुझं माझं काय.”

“आणि सिसा?”

“पोरीची जात. या माळावर टायर बसला तर काय करणार ती?”

“तुम्ही करता तेच. जॅक लावेल नि शिव्या देईल.” तिचा आवाज चढला नव्हता. “मला कधी सांगणार होतात?”

“उयुनीला पोचल्यावर.”

“म्हणजे सफरीचा स्वयंपाक आटोपल्यावर.”

खिडकीच्या फटीतून धूळ आत येत होती.

“तीन दिवस माझ्याशी हसलात-बोललात. ते जमलं. तेवढं एक नाव मात्र पाचामामासमोर घेववलं नाही.”

“तिच्यासमोर खोटं कसं बोलणार, कोमाद्रे? गाडीसकट गिळेल.”

“खरंय. मी कुठे कुणाला गिळते.”

एवढं बोलून तिने गाडी थांबवायला सांगितली. तेओदोरोला वाटलं, उतरून चालू लागते की काय. ती उतरली, एकेकाळी मार्सेलिनोची असलेल्या पुढच्या सीटवरून आपली शाल उचलली, मागचं दार उघडलं आणि जिथे सकाळपर्यंत पाहुणे बसले होते तिथे जाऊन बसली.

“कोमाद्रे, पुढे या. असं बरं दिसत नाही.”

“चला. उशीर होतोय.”

खिंड आली. दगडांच्या ढिगाशी तो सवयीने थांबला, बाटली घेऊन उतरला. आपल्या घराचं नाव त्याने पुटपुटत घेतलं, जावयाचं त्याहून हळू. मग अडला.

बासिलियाने काच खाली केली.

“मालकांची झाली. आता प्रवाशांची.”

“कोमाद्रे...”

“कोमाद्रे नको. नाव घ्या. मागच्या सीटवर एक बाई आहे, बासिलिया.”

बाटली तिरकी धरून तो तसाच उभा राहिला. वाऱ्याने मद्याचे थेंब त्याच्याच पायांवर उडत होते.

“घ्या की,” ती म्हणाली. “एवढं तरी खोटं नाही.”