बारा जणांची शपथ

"आठवड्याचे वार सांग रे," दिवाणसाहेब म्हणाले.

हॅमोने टोपी मुरगाळली. सरदाराच्या कचेरीत बारा पंच बाकांवर बसलेले, सगळे गावातलेच. बाईमाणसाला तिथे कोण विचारतो? म्हणून त्याची थोरली बहीण हॅविस दाराशी उभी होती. हॅमो खुळा ठरला तर बापाची जमीन कारभारी ऑस्बर्टकडे जाणार होती. सांभाळायला म्हणे! लांडग्याने मेंढी सांभाळावी तशी.

"पहिला वार कुठला?"

"मालकाचा," हॅमो म्हणाला.

"आं? पुढचा?"

"माझा. मग मालकाचा, मग माझा, मग परत मालकाचा. मग अक्का दारू गाळते तो. मग देवाचा."

पंच खो खो हसले. मालकाच्या, म्हणजे सरदाराच्या, शेतात फुकट राबायचे दिवस हसणारा प्रत्येक जण असेच मोजत होता. दिवाणसाहेब मात्र हसले नाहीत. मालकाचं नाव त्यांना झोंबलं.

"हा माणूस कसा आहे? शपथेवर सांगा."

"डाफ आहे, साहेब," शेजारचा थर्स्टन म्हणाला. उरलेल्या अकरांनी माना डोलावल्या.

डाफ! म्हणजे खुळा. इंग्लंडातल्या त्या खेड्यात हा शब्द उठता-बसता तोंडात. पावसात उभी राहणारी मेंढी डाफ. बायकोपुढे गप्प बसणारा डाफ. देवळात लाजणारी नवरीही डाफ. पाळण्यातल्या पोराला आई डाफ म्हणायची आणि मुका घ्यायची. थर्स्टनला तर त्याची बायको रोज म्हणायची. म्हणून काही त्याची जमीन कोणी नेली नव्हती. कारकुनाने शब्द लॅटिनमध्ये लिहून घेतला. लिहिल्यावर त्यात लाड उरला नाही, थट्टाही उरली नाही. उरली फक्त ऑस्बर्टची सोय.

निकालानंतर पंचांनी दारू प्यायची रीत होती. त्या दिवशी ताजी दारू होती ती हॅविसच्याच घरी. आणि हे निर्लज्ज तिथेच आले!

"काय हॅविस, कशी जमलीय?" थर्स्टन बाकावर टेकला.

"तुझी गाय ओढ्यात रुतली होती. तिचं डोकं पाण्यावर धरून कोण उभं होतं रे?"

"हॅमो."

"तेव्हा काय म्हणालास त्याला?"

"डाफच म्हणालो. पण प्रेमानं गं."

"आणि आज?"

थर्स्टनने मान खाली घातली. "माझ्या पोरीचं लग्न ठरतंय. ऑस्बर्टनं शब्द टाकल्याशिवाय मालक परवानगी देत नाही. तू समजून घे की."

"समजले! खुळ्याला तुमच्याकडे शब्द आहे. भ्याडाला आहे का? शेजाऱ्याचा गळा कापून वर त्याच्याच घरी प्यायला बसणाऱ्याला आहे का?"

हॅविसने दारूचं भांडं दोन्ही हातांनी उचललं आणि मातीच्या भुईवर उपडं केलं.

"प्या! चाटून प्या! जमिनीचीच हाव आहे ना?"

घरभर चिखल झाला. बारा जण बसल्या जागी थिजले. उठून जायचीही त्यांची छाती होईना.

कोपऱ्यातून हॅमो उठला.

"अक्का, घसरतील ना गं."

गोठ्यातून त्याने पेंढ्याचा भारा आणला आणि गुडघ्यांवर बसून एकेकाच्या पायांखाली पसरायला लागला. तो जवळ आला तसे थर्स्टनने निमूट पाय वर घेतले.