शेवटची सोंगटी

ओढायच्या सोंगट्यांच्या रचलेल्या भिंतीत आता मोजक्याच उरल्या होत्या आणि त्यातली शेवटची आपल्याच हाती येणार, हे लवूने केव्हाच हेरलं होतं. बाबू सारंगाच्या पडवीत टेबलावर जाड चादर पसरून चौघं माहजोंग खेळत बसले होते. लवू, त्याची बायको दमयंती, समोर बाबू आणि बाबूच्या बाजूला गोदूबाई, त्याची बायको. भाट्याच्या खाडीवरून वारा येत होता. आत ओटीवर बांधलेल्या बॅगा ओळीने ठेवल्या होत्या. उद्या मुलगा बाबू आणि गोदूबाईला कायमचं डोंबिवलीला नेणार होता.

बाबू जपानी मालवाहू बोटींवर सारंग होता, डेकवरच्या खलाशांचा मुकादम. लवू पोरसवदा वयात त्याच्या हाताखाली बोटीवर चढला. दोरखंडाच्या गाठी सारंगाने शिकवल्या आणि हा खेळही त्यानेच. रिटायर झाल्यावर त्याने येताना सोंगट्यांची पेटी आणली. खेळायला चौघं लागतात म्हणून दोघांनी आपापल्या बायकांना शिकवलं. गेल्या वर्षी बाबूला अर्धांगवायूचा झटका आला आणि उजवा हात कामातून गेला. तेव्हापासून तो डाव्या हाताने खेळायचा. लवूने त्याला सोंगट्या उभ्या करायला खाचेची फळी करून दिली होती.

दुपारी चहाचे कप आत ठेवायला लवू स्वयंपाकघरात गेला, तेव्हा गोदूबाईने त्याला हळूच गाठलं होतं.

"भावजी, आज त्यांना जिंकू द्या. तिकडं कोण खेळणार हाय त्यांच्यासंगती?"

लवूने मान डोलावली. खरं तर तिने सांगायची गरजच नव्हती. झटक्यानंतर लवू असाच खेळत आला होता. कधी हातातला जमलेला डाव मोडायचा, कधी सारंगाला हवी असेल अशी सोंगटी बिनघोर फेकायचा. घरी जाताना त्याला आतून बरं वाटे. आपण किती मनाचे मोठे, असंही वाटे. हे मात्र तो दमयंतीलाही बोलला नव्हता.

या डावात बाबूने मघाशीच 'रीची' म्हणून आपली सोंगटी आडवी टाकली होती. म्हणजे त्याचा 'हात', हातातल्या सोंगट्यांचा संच, जुळत आला होता, एकाच सोंगटीची वाट होती. भिंत संपत आली की कसं खेळायचं, हे लवूला त्यानेच घोटवलं होतं. मधेच कुणी दुसऱ्याची फेकलेली सोंगटी उचलली, तर पाळी सरकते आणि शेवटची सोंगटी भलत्याच्या वाट्याला जाते, म्हणून आधीपासून हिशेब ठेवावा. शेवटची सोंगटी ओढली की एक टाकावी लागतेच. ती जोड जमवायला कुणाला घेता येत नाही, पण तिच्यावर कुणीही जिंकू शकतो. म्हणून तिथे छाती दाखवायची नाही. समोरच्याने स्वतः टाकून दिलेलीच टाकायची. स्वतः टाकलेल्यावर त्याला जिंकता येत नाही.

लवूने शेवटची सोंगटी ओढली. कामाची नव्हती. हातात उत्तर वाऱ्याची सोंगटी होती, तसलीच एक बाबूने मघाशी टाकलेली, म्हणून अगदी निर्धोक. शेजारी सहा बांबूंची होती. सबंध डावात बाबूने एकही बांबू टाकला नव्हता.

लवूने गोदूबाईकडे एकदा पाहिलं आणि सहा बांबू टेबलावर ठेवला.

बाबू त्या सोंगटीकडे बघत राहिला. तो आता हात उघडणार, म्हणून गोदूबाई हसायच्या बेतात होती.

"संपली भिंत," बाबू म्हणाला. "कुणाचंच नाय."

लवूला वाटलं, आपला अंदाज चुकला. पण रीची म्हणणाऱ्याला शेवटी हात दाखवावाच लागतो. बाबूने डाव्या हाताने फळीवरची एकेक सोंगटी आडवी केली. बाकी सगळं जुळलेलं होतं. टोकाला चार आणि पाच बांबू. तीन नाहीतर सहा, एवढंच हवं होतं.

"अहो, ती तुमचीच होती की," गोदूबाई म्हणाली.

"हां."

"चुकलं माझं, सारंग," लवू घाईने म्हणाला. "लक्षच नव्हतं."

"हात दाखव तुझा."

लवूने सोंगट्या वळवल्या. उत्तर वारा सगळ्यांना दिसला. दमयंतीने नवऱ्याकडे पाहिलं आणि नजर खाली वळवली.

बाबूने उत्तर वाऱ्यावर बोट ठेवलं. मग विचारलं, "माझ्यासंगती खेळत होतास, का मला खेळवत होतास?"

लवूच्या कानाच्या पाळ्या तापल्या. वहिनींनी सांगितलं म्हणून, असं म्हणता आलं असतं; पण ते अर्धंच खरं होतं आणि गोदूबाई पदराचा काठ बोटांना गुंडाळत बसली होती. बोटीवर दोर चुकीचा बांधला की सारंग आईमाईवरून शिव्या द्यायचा. त्या शिव्या खाल्लेला माणूस दुसऱ्या दिवशी ताठ मानेने कामाला उभा राहत असे. आज सारंगाने आवाजसुद्धा चढवला नव्हता. लवूला त्या चादरीखाली तोंड लपवावंसं वाटलं.

"मांड परत," बाबू म्हणाला.

सोंगट्या पुन्हा पसरल्या, फिरवल्या, भिंत रचली. गोदूबाईने उठून पडवीतला दिवा लावला. भिंत अजून निम्मी उभी होती, तेव्हा बाबूने दोन चक्रांची सोंगटी टाकली. लवूला नेमकी तीच हवी होती. त्याचा हात मांडीवरच राहिला. त्याने वर पाहिलं. बाबू त्याच्याकडेच बघत होता.

"रोन," लवू म्हणाला. दुसऱ्याने टाकलेल्या सोंगटीवर जिंकताना हेच म्हणायचं असतं. त्याने हात उघडा केला. मोठा डाव होता, बाबूकडचे जवळजवळ सगळे गुण जाणार होते.

बाबूने सोंगट्या नीट निरखल्या आणि मान हलवली. मग गुणांच्या काड्यांचा डबा पुढे ओढला. डाव्या हाताच्या बोटांत काडी धरवेना. एक निसटून चादरीवर पडली, तशी दमयंतीचा हात पुढे आला आणि लवूने तो हलकेच मागे सारला. बाबूने काडी पुन्हा उचलली. लवू टेबलावर तळवा उघडा धरून, खाली बघत, बसून राहिला. सारंग एकेक काडी त्यावर ठेवत होता.