मैना गेली, विमा चालू

गाई-म्हशींच्या कानात लटकणारा पिवळा बिल्ला तुम्ही पाहिला असेल. त्याच जातीतला मी. प्लास्टिकचा, दोन बोटं रुंद, पोटावर काळ्या शाईचे बारा आकडे. बोलायची मला काही हौस नाही. पण माझ्या नावानं दरवर्षी एक खोटी बातमी दिली जाते आणि ती खोडून काढायला दुसरं कोणी उरलेलं नाही, म्हणून तोंड उघडतोय.

माझा जन्म कारखान्यातला. हजारो भावंडं, तोंडवळा सगळ्यांचा एक, फरक फक्त आकड्यांचा. पिशवीत भरून आम्हाला नगरला आणलं आणि तिथून कर्जत तालुक्यातल्या एका गावच्या दूध डेअरीत. तिथे हनुमंत दूध मोजायचा आणि जोडीला विम्याचंही बघायचा. दूध तो मापानं मोजायचा, विमा मात्र तोंडानं.

रतनबाई सकाळी दूध घालायला आली तेव्हा त्यानं तिला विमा समजावून सांगितला. गाईला काही झालं तर भरपाई मिळेल. हप्त्यासाठी खेटे घालायला नकोत. दिवाळीला डेअरी वर्षभराच्या दुधाच्या दराचा जो फरक देते, त्यातून तो परस्पर कापला जाईल. एकदा अंगठा लावला की दरसाल विमा आपोआप चालू.

‘आपोआप’ हा शब्द रतनबाईला फार आवडला. तिच्या आयुष्यात आपोआप असं काही कधी झालंच नव्हतं. पाणी शेंदल्याशिवाय यायचं नाही, शेण काढल्याशिवाय निघायचं नाही, आणि अजिनाथ, तिचा एकुलता एक मुलगा, चार हाका मारल्याशिवाय उठायचा नाही. तिनं अंगठा लावला. तिच्या जागी मी असतो तर मीही लावला असता.

तर असा मी मैनेच्या कानात आलो. मैना म्हणजे काळी-पांढरी, कपाळावर चांद असलेली गाय. डॉक्टरांनी चिमट्यानं कान टोचला तेव्हा तिनं अशी मान झटकली की डॉक्टर गव्हाणीत बसले. पुढे दोन दिवस ती माझ्यावर रुसून होती. रतनबाईनं कानाला हळद-तेल लावलं आणि शेजारणीला कौतुकानं म्हणाली की आमच्या मैनेला कानात घालायला झुबा केलाय.

ते दिवस बरे होते. धार काढताना रतनबाई मैनेशी बोलायची आणि मी कानातच असल्यामुळे सगळं मला आधी कळायचं. अजिनाथला मुलगी पसंत पडत नाही, विहिरीचं पाणी खाली गेलं, गुडघा दुखतो. मैना रवंथ करत ऐकायची. मला वाटायचं, आपण या गाईचे राखणदार आहोत. माझ्या अंगावरचे आकडे वाचून संकट दारातूनच परत फिरत असेल, अशी माझी समजूत होती. नव्या बिल्ल्याला असं वाटतं.

एकदा माशांनी हैराण होऊन मैनेनं कुंपणाच्या तारेवर कान घासला. तार माझ्यात अडकली, तिनं हिसका दिला आणि कानाची पाळी फाटून मी खाली पडलो. रतनबाईनं आधी कानाला हळद लावली, मग मला उचलून पदरानं पुसलं आणि गोठ्याच्या भिंतीतल्या देवळीत ठेवलं. दुसऱ्याच दिवशी तिनं डेअरीवर सांगितलं की बिल्ला निघालाय, परत मारून द्या. हनुमंत म्हणाला, कळवतो. पुढच्या खेपेला म्हणाला, डॉक्टर येतीलच. त्याच्या पुढच्या खेपेला तिनं विचारायच्या आतच त्यानं मान हलवली. मी देवळीतून वाट बघत राहिलो. शेजारी खोकल्याच्या औषधाची रिकामी बाटली होती, तीही कशाची तरी वाट बघत असावी.

डॉक्टर आले ते मैनेचं पोट फुगल्यावर. सकाळी कोवळा मका जास्त खाल्ला गेला आणि दुपारपर्यंत सगळं आटोपलं. रतनबाई तिच्या मानेवर हात ठेवून बसून होती. शेजारी तिची पाडी, चिमणी, दावं ताणून हंबरत होती.

विम्याचा माणूस आला. वाईट नव्हता बिचारा. चपला काढून गोठ्यात आला, मैनेपुढे क्षणभर थांबलाही. मग त्यानं दोन्ही कान उलटेपालटे करून बघितले आणि बिल्ला कुठाय म्हणून विचारलं. रतनबाईनं धावत मला आणलं आणि माझी सुई त्या फाटक्या पाळीवर धरली.

“ह्या भोकात हुता सायेब. बघा की, बसतोय.”

तो मान हलवत म्हणाला की कानात असलेलाच बिल्ला धरतात, हातातला धरत नाहीत. त्यानं फोटो काढले आणि निघून गेला.

अजिनाथनं बांधावरच्या बोरीखाली खड्डा घेतला. रतनबाईनं मैनेला हळद-कुंकू लावलं, अंगावर खण घातला, मिठाची गोण रिकामी केली आणि माती लोटली. काही दिवसांनी कंपनीचं उत्तर आलं. मृत जनावर हे विमा उतरवलेलं जनावर असल्याचं सिद्ध होत नाही, सबब दावा नामंजूर. अजिनाथनं दोनदा वाचून दाखवलं. रतनबाईनं फक्त विचारलं, मग आपण पुरली ती कोन हुती.

एवढ्यावर संपलं असतं तरी चाललं असतं. नुकसान सोसायची तिला सवय होती. पण त्या वर्षी वसुबारसेला, चिमणीच्या पायावर पाणी घालून ती ओवाळत असताना अजिनाथचा मोबाईल वाजला. डेअरीच्या फरकातून हप्ता कापला होता. वर शुभेच्छा होत्या. आपल्या गाईच्या विम्याचं नूतनीकरण झालं आहे, आपलं पशुधन सुरक्षित आहे. खाली माझे बारा आकडे.

मला देवळीत बसल्या बसल्या लाज वाटली.

मग सुरू झाल्या येरझाऱ्या. हनुमंत म्हणाला, माझ्या हातात काही नाही, वरूनच कापून येतं. गावात दूध घालायला दुसरी डेअरी नाही. फोन लावला तर आधी गाणं, मग हा आकडा दाबा, तो दाबा, आणि शेवटी एक बाई गोड आवाजात विचारणार की विमा बंद का करायचा. गाय मेली म्हटलं की ती दाव्याचा नंबर मागायची. नंबर दिला की म्हणायची, हा दावा नामंजूर आहे, यात आपली गाय मेल्याचं दिसत नाही. अजिनाथ तापायचा, ती बाई त्याला शुभ दिवस चिंतायची. पुढच्या वसुबारसेला परत तोच निरोप आला, त्याच्या पुढच्याही.

यात चिमणीचा जीव टांगणीला लागला होता. ती आता दूध देऊ लागली होती, घर तिच्यावर चालत होतं, आणि तिच्यावर विमा नव्हता. योजनेत एका सभासदाची एकच गाय. मैनेचं नाव निघाल्याशिवाय चिमणीचं लागणार नव्हतं. आभाळात ढग वाजला की रतनबाई गोठ्यात येऊन बसायची.

शेवटी मायलेक नगरच्या कचेरीत गेले. मी रतनबाईच्या कनवटीला होतो. समोरचा कारकून थकलेला होता, त्याच्यापुढे अशाच लोकांची रांग होती. त्यानं मला उलटसुलट केलं, संगणकात आकडे घातले आणि म्हणाला, “मावशी, ही गाय चालू दाखवतेय.”

“चालू म्हंजी? जित्ती?”

“इथं तरी जिवंत आहे.”

त्यानं आवाज खाली आणून एक वाट सुचवली. गाय विकली असं लिहून द्या, बाजाराची पावती कुठूनही जोडा, नाव निघून जाईल. अजिनाथनं लगेच पेन मागितलं. काष्टीच्या जनावरांच्या बाजारात त्याच्या ओळखी होत्या, पावती अवघड नव्हती. रतनबाईनं त्याच्या हातावर हात ठेवला.

“मी मैनाला इकली न्हाई,” ती म्हणाली. “पोटच्या पोरीवानी पुरलीय तिला. इकली म्हनून अंगठा नाय लावायची.”

परतीच्या एसटीत अजिनाथ तिला सोडून मागच्या बाकावर जाऊन बसला. त्याचंही चुकलं नाही. मला दोघांचंही पटत होतं, आणि माझं पटून उपयोग काय.

या वर्षी दिवाळीच्या तोंडावर हनुमंत स्वतः घरी आला. चहा पिऊन झाल्यावर त्यानं मला देवळीतून उचललं आणि चिमणीकडे बघत म्हणाला की रंग तोच, कपाळावर चांदही तोच. बिल्ला हिच्या कानात बसवून टाकू, चिमटा मी आणतो. विमा चालूच आहे, हप्ताही वाया जाणार नाही. उद्या काही झालं तर कानात बिल्ला असेल, कोणी हरकत घेणार नाही.

खरं सांगतो, मला मोह झाला. पुन्हा उबदार कान, पुन्हा धारेच्या वेळच्या गप्पा. अजिनाथही आईकडे आशेनं बघत होता. रतनबाईनं चिमणीचा कान हातात घेतला, बराच वेळ कुरवाळला.

“आन् उद्या ही मेली,” ती म्हणाली, “तर रडू कुनाच्या नावानं? आईच्या का लेकीच्या?”

हनुमंत कपबशी खाली ठेवून उठला. अजिनाथनं त्याच्या हातून मला घेऊन परत देवळीत ठेवलं.

वसुबारसेला तिनं चिमणीची आणि तिच्या वासराची पूजा केली. मग मला धुतलं, कुंकवाचं बोट लावलं आणि खुरपं घेऊन बांधाकडे निघाली. अजिनाथ मागोमाग आला. त्याला कळलं होतं. मी गेलो की कधी कोणाला दाखवायलाही काही उरणार नव्हतं. त्यानं एकदा म्हटलं, “आये, येवढाच पुरावा हाय आपल्याकडं.” ती म्हणाली, “म्हनूनच तिचा तिला देते. मी दमले रं.”

बोरीखाली तिनं वीतभर खणलं आणि मला ठेवलं. माती लोटत असतानाच मोबाईल वाजला. वरची माती पातळ होती, मला सगळं ऐकू आलं.

“काय म्हनत्यात?”

अजिनाथनं वाचलं, “आपलं पशुधन सुरक्षित आहे.”

रतनबाईनं मातीवर हात थापटला. “हाय की,” ती म्हणाली, आणि गुडघ्यावर हात देऊन उठली.

आता मी इथं असतो. खालच्या मैनेची एव्हाना माती झाली असेल. मी मात्र प्लास्टिकचा, कुजायचा नाही. दर दिवाळीला वर कुठंतरी माझं नूतनीकरण होत राहील आणि चिमणी तशीच उघड्यावर राहील. ढग वाजला की अजूनही मला गोठ्याची काळजी लागते.

कधी कोणाच्या नांगराला लागून मी वर आलो, तर एवढं करा. पुसून मला कुठल्या कचेरीत नेऊ नका, माझे आकडे कुठं घालून बघू नका. होतो तिथंच परत टाका. इथं मैना नावाची एक गाय होती आणि ती मेली. एवढं तरी कोणीतरी मान्य करा.